आमच्यात असलं काही नाही

उचगाव, १४ सप्टेंबर २०२५

चि. भैरवी,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. माझे आशीर्वाद तुला चालतील की नाही कळेना. तेव्हा सरळ मजकुरावर येतो.

तुझा नाशिकचा पत्ता अवंतिकानं दिला. माझ्या लेकीवर रागावू नकोस, मी बाप म्हणून दरडावून काढून घेतला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टानं लिहितोय. साडेपाच वर्षांत भावाचं पहिलं पत्र आणि तेही कुत्रीबद्दल, असं तुला वाटेल. पण जाताना तू माझ्याकडं मागितलंस ते एवढंच, की भाड्याच्या खोलीत कुत्रं चालत नाही, काकवीला तुम्ही सांभाळा. सांभाळली. दूध-भाकरी, वेळच्या वेळी इंजेक्शनं, कशात कमी केली नाही. आठ वर्षांची झाली आता. तोंडावर पांढरं आलंय, पण पाठीचा रंग अजून तसाच, गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा.

यंदा गोचिडींनी उच्छाद मांडला. धोंडुबाईंच्या म्हशी आपल्या भिंतीला लागून बांधलेल्या असतात हे तुला ठाऊक आहे. तिथल्या गोचिडी भिंत ओलांडून येतात आणि काकवीच्या कानात ठाण मांडतात. गेल्या साली मी धोंडुबाईंकडचं म्हशींवर मारायचं औषध बादलीत कालवून काकवीला लावायला निघालो होतो. अवंतिकानं बादली गटारात ओतली आणि वर मलाच चार गोष्टी ऐकवल्या. म्हणून यंदा शहाण्यासारखा दवाखान्यात गेलो. बसथांब्याजवळ जनावरांचा नवीन दवाखाना झालाय. डॉ. प्रीती म्हणून एक तरुण मुलगी आहे. तिनं काकवीचं वजन केलं, अठरा किलो भरलं, आणि त्या वजनाला बसणारी एक गोळी लिहून दिली. चिठ्ठीशिवाय मिळत नाही ती. पोटात गेली की रक्तात उतरते, मग चावलेली गोचीड मरते. महिनाभर अंमल राहतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकवी पडवीत आडवी झाली आणि पाय झाडायला लागली. तोंडाला फेस, डोळे उघडे, पण बघत नव्हती. संध्याकाळी पुन्हा तेच. रिक्षात घालून नेली. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतली. काल घरी आणलीय. घाबरू नकोस, उठते, चालते, खाते.

आता तूच सांग. चांगली हिंडती-फिरती कुत्री, गोळी दिली आणि ही अवस्था. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. त्या डॉक्टरीणबाईंना चार माणसांसमोर फैलावर घेतलं. गावच्या ग्रुपवरही लिहिलं, की या दवाखान्यात जनावर नेण्याआधी दहादा विचार करा. लोकांनी उचलून धरलं.

एक काम होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं पूर्वी कधी झालं असेल तर पुढचे उपचार वेगळे आणि नसेल तर वेगळे. मला काही नीट आठवत नाही. तू इथं असताना काही किरकोळ झालं असेल तर तारखा कळव. तुला लिहून ठेवायची सवय होती.

तुझा ज्येष्ठ बंधू,
माधव

उचगाव, २८ सप्टेंबर

भैरवी,

तुझं कार्ड मिळालं. साडेपाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात एकच ओळ. ‘गोळी देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं असेल. तू काय सांगितलंस?’ वर मायना नाही, खाली सही नाही. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ऑडिटवाले असे शेरे पाठवतात.

मला राग आला. तीन दिवस कार्ड फ्रीजवर पडून होतं. तुझ्या वहिनीनं वाचलं आणि काही न बोलता परत जागेवर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

उत्तर म्हणून मी आधी असं लिहिलं होतं, की दवाखान्यात गर्दी होती, गडबडीत सांगायचं राहून गेलं. तो कागद फाडला. गर्दी नव्हती. बाकावर गडमुडशिंगीचा एक म्हातारा शेळी घेऊन बसला होता आणि त्याला ऐकूही कमी येत होतं. ओळखीचं कुणी नव्हतं.

डॉ. प्रीतींनी काकवीला टेबलावर घेतलं आणि एक छापील कागद पुढं ओढून मला प्रश्न विचारले. आधी काही लावलंय का, पावडर, फवारा, गळ्यात औषधी पट्टा? एकावर एक दोन औषधं नकोत म्हणून विचारते, म्हणाल्या. काही लावलेलं नाही, असं सांगितलं. मग घरात मांजर आहे का? धोंडुबाईंची मांजर रोज दुपारी काकवीच्या पोटाला चिकटून झोपते, तेही सांगितलं. त्यावर त्यांनी हातातली मानेवर सोडायच्या थेंबांची नळी परत कपाटात ठेवली. म्हणाल्या, बरं झालं बोललात, कुत्र्यांचं हे औषध मांजरानं चाटलं किंवा नुसतं अंगाला लागलं तरी तिच्या जिवावर बेततं. मग आपण पोटातून गोळी देऊ. बघ, खरं सांगितलं की काय होतं ते त्याच टेबलापाशी माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि तरीही.

पुढचा प्रश्न होता, हिला कधी फिट आली होती का, झटके?

मी म्हणालो, “न्हाय. आमच्यात असलं काय न्हाय.”

त्या हसल्या. “काका, तुमच्यात नव्हे, कुत्रीचं विचारतेय.” मीही हसलो आणि म्हणालो, तिलाही नाही. त्यांनी कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मी वाचून सही केली. मुलांचे फॉर्म तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली, न वाचता मी कशावरच सही करत नाही.

काकवीच्या दोन्ही वेळा मला आठवतात. नीट आठवतात. पहिली आली तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. आई कांदा आणायला पळाली आणि मी हुंगवायला पायतान शोधत होतो, तुझ्या वेळी जे करायचो तेच. तू स्टूल बाजूला सरकवलंस, तिच्या तोंडाला कुणाला हात लावू दिला नाहीस, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिलीस. अडीच मिनिटं, असं म्हणालीस आणि वहीत लिहिलंस. मला वाटलं होतं, किती कोरडी आहे ही पोरगी.

‘तुझ्या वेळी’ असं वर लिहून गेलोय. खोडत नाही.

मी खोटं का बोललो ते पंधरा दिवस शोधतोय. त्या गोळीनं फिट येऊ शकते हे मला माहीत नव्हतं, ही गोष्ट खरी. पण माहीत असतं तरी मी तेच बोललो असतो की काय, अशी मला भीती वाटते. तो शब्द कुणी उच्चारला की माझ्या तोंडातून आपोआप ‘नाही’ निघतं. तू सतराव्या वर्षी पहिल्यांदा पडलीस, त्या दिवसापासून आपल्या घरात ‘चक्कर’ म्हणायचं ठरलं. गोळ्या कुणाला दिसू नयेत म्हणून आईनं त्या शेवयांच्या डब्यात ठेवल्या. तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर, नोकरीच्या अर्जावर, जिथं जिथं आजाराचा रकाना आला तिथं मी माझ्या हातानं ‘नाही’ भरलं. नेसरीचं स्थळ आलं तेव्हाही.

त्याबद्दल आज लिहवत नाही.

माधव

उचगाव, १२ ऑक्टोबर

भैरवी,

काकवीला परवा दुपारी, त्या गोळीनंतर तिसऱ्यांदा, फिट आली. पडवीतच. धोंडुबाई भिंतीवरून बघत होत्या, त्या कांदा घेऊनच आल्या. “पायतान हुंगवा की वो, घड्याळ काय बघत बसलायसा?” मी त्यांना लांब थांबवलं. काकवीजवळची कुंडी सरकवली, डोक्याखाली पोतं सारलं आणि घड्याळ बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात माणसाला किती काय आठवतं. तू घड्याळाकडं बघत होतीस ते कोरडेपणानं नव्हे, एवढं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळलं. दुसरं काहीच करता येत नाही म्हणून माणूस मोजतो.

ती शुद्धीवर आली, पाणी प्यायली, आणि मी तसाच घरच्या लुंगीवर शर्ट चढवून दवाखान्यात गेलो. या वेळी बाकावर माणसं होती. आत बोलू का म्हणून विचारावंसं वाटलं, पण ओरडताना मी आत गेलो नव्हतो. म्हणून बाहेरच उभा राहून बोललो. म्हणालो, डॉक्टर, काकवीला पूर्वी दोनदा फिट आली होती. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं आणि वर तुम्हालाच बोल लावला.

डॉ. प्रीती एका बोक्याचे कान बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “मला माहितीय. तुमच्या बहिणीचा फोन आला होता, पंधरा-वीस दिवसांपूर्वी.”

म्हणजे माझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी तू दवाखान्याचा नंबर शोधून फोन केलास, दोन्ही तारखा आणि मिनिटं सांगितलीस, आणि मला सांगू नका म्हणालीस. सप्टेंबरच्या शेवटी काकवीला दाखवायला नेली तेव्हा ‘सध्या चालू ठेवा’ म्हणून त्यांनी मला झटक्यांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या कशाच्या जोरावर दिल्या ते आता समजलं. मला कार्डावर तू विचारलंस ते तारखांसाठी नव्हतंच. मी खरं बोलतो का, एवढंच तुला बघायचं होतं. आणि पहिल्या पत्रापासून खरं लिहीपर्यंत मी चौदा दिवस लावले.

मी त्यांना विचारलं, माझ्या सहीचा कागद तुमच्याकडं होता. मी ग्रुपवर एवढं लिहिलं, तुम्ही तो कागद तिथं का टाकला नाही? तुमचं नाव लगेच धुऊन निघालं असतं.

तेव्हा त्यांनी बोक्याला सोडलं. “टाकला असता तर तुम्ही लाजेनं परत आला नसता. मग कुत्रीचं काय झालं असतं?”

मी बाकावर बसलो. बाकावरच्या बाईंनी सरकून जागा दिली.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, सहीसकट. पहिल्या वेळी उचलून धरणारे साठ-सत्तर जण होते, या वेळी तिघं बोलले. त्यात आकाराम, तो आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला, त्यानं विचारलं, “मग महिनाभर त्या पोरीकडं कोण गेलं न्हाय, त्याचं काय?” दर रविवारी तिथं जाऊन केस-पेपर लिहायला बसतो, एवढं मी प्रीतींना कबूल केलंय. माझं अक्षर चांगलं आहे.

झटक्यांच्या गोळ्या रोज दोनदा, ठरल्या वेळी, आता कायमच्या. मधेच बंद करायच्या नाहीत. गोचिडीची ती गोळी पुन्हा कधी नाही. आणि फिट आली तर लिहून ठेवायला त्यांनी एक कागद आखून दिलाय, चार रकान्यांचा: तारीख, वेळ, किती मिनिटं, जवळ कोण होतं. मी शेवटचा रकाना कशाला म्हणून विचारलं. म्हणाल्या, जनावराला सांगता येत नाही ना, म्हणून बघणाऱ्याचं नाव लागतं.

आता नेसरीचं लिहितो. तुला सगळं माहीत आहे. पण मी ते कधी शब्दांत आणलं नाही, तुझ्यासमोर नाही की तुझ्या वहिनीसमोर नाही.

लग्नाआधी तू मला तीनदा म्हणाली होतीस, दादा, त्यांना सांगू या. तिन्ही वेळा मी तुला गप्प केलं. वर्षभरही झालं नव्हतं. दिवाळीच्या फराळाचं करताना तू तिथल्या स्वयंपाकघरात पडलीस, आणि त्यांनी मला न् आईला बोलावून घेतलं. सोप्यात, त्यांच्या पुढच्या बैठकीत, तुझे यजमान धैर्यशीलराव खाली मान घालून बसले होते, त्यांचे चुलते दादासो मधे होते आणि तुझ्या सासूबाई आक्काताई दाराशी उभ्या होत्या. दादासोंनी मला विचारलं, हे आधीपासनं होतं का? तू भिंतीला टेकून उभी होतीस, कपाळाला पट्टी होती, आणि माझ्याकडं बघत होतीस. तुला वाटत होतं, आता दादा बोलेल.

मी म्हणालो, “आम्हाला काही माहीत नव्हतं. असलं तर तिनं आमच्यापासूनही लपवलं.”

तू म्हणालीस, “दादा, गोळ्या तूच आणायचास की.”

आणि मी दादासोंना सांगितलं, पडल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही.

आई तिथंच बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि तीही काही बोलली नाही. त्या दिवशी मी घरी आलो तो ताठ मानेनं आलो. अवंतिका तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढं तिचं लग्न व्हायचंय, आपल्या घराला डाग नको, असं मी स्वतःला समजावलं आणि मला ते पटलंही. तू खोटारडी ठरलीस आणि माझी लेक स्वच्छ राहिली. हे मी केलं. आता अवंतिकाला हे सगळं सांगितलंय. ती फोनवर म्हणाली, बाबा, मला आत्यानं कधीच सांगितलं होतं, तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते.

मला लाज वाटते, भैरवी. एवढाच शब्द आहे माझ्याकडं.

माधव

उचगाव, २६ ऑक्टोबर

भैरवी,

भाऊबीजेला मी नेसरीला गेलो होतो. तुला विचारून जायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मला जायचं टाळायला निमित्त मिळालं असतं. त्याचाही राग आला तर येऊ दे.

सणाचा दिवस, घर माणसांनी भरलेलं. धैर्यशीलरावांनी दुसरं लग्न केलंय ते तुझ्या कानावर असेल. त्यांचा लहानगा अंगणात टिकल्या उडवत होता. दादासोंनी बसा म्हटलं नाही, म्हणून मी उभ्यानंच बोललो, जिथं तू उभी होतीस तिथंच भिंतीपाशी. म्हणालो, भैरवीला सतराव्या वर्षापासून फिट येत होती. घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला सांगायचं म्हणून ती मागं लागली होती, मी सांगू दिलं नाही. या सोप्यात मी खोटं बोललो आणि तिला खोटं पाडलं.

दादासो म्हणाले, “मग तवा का बोलला न्हाईसा?”

वाटेत एसटीत मी बरीच उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही खरं नव्हतं.

आक्काताई दाराशीच होत्या, त्या दिवसासारख्याच. थकल्यात आता. त्या म्हणाल्या, “पोरगी माझा हात धरून सांगत हुती, आधीपासनं हाय, पर म्या लपीवलं न्हाय म्हणून. म्या म्हटलं, सख्खा भाऊ कशाला खोटं बोलंल.”

मग त्या आत गेल्या आणि चहा आणला. मला वाटलं होतं हाकलून देतील, ते बरं झालं असतं. मी निघताना धैर्यशीलराव फाटकापर्यंत आले आणि तुझी तब्येत विचारली. म्हणाले, “आता कशी हाय ती? येतंय का अजून तसं?”

आणि भैरवी, मला ते सांगता आलं नाही. मला माहीतच नव्हतं. काकवीच्या फिट मला मिनिटा-सेकंदांत सांगता येतात. तुझं मला काही माहीत नाही. ज्या माणसानं तुला घरातून काढलं त्याला विचारावंसं वाटलं आणि मला सतराव्या वर्षापासून आजवर एकदाही वाटलं नाही. गोळ्या आणल्या, डबा लपवला, फॉर्म भरले. कसं वाटतं, असं कधी विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तर तो शब्द घ्यावा लागला असता.

म्हणून आता विचारतो. तुला अजून फिट येते का?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हा प्रश्न तुझ्याकडं पोचला एवढं बस झालं.

काकवी बरी आहे. दोन आठवड्यांत काही झालेलं नाही. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तिला घेऊन पायरीवर बसतो. चिमट्यानं गोचीड कातडीजवळ धरायची, सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची, बोटांनी चिरडायची नाही. कान, काख, पायाच्या बोटांमधल्या खाचा. डॉक्टर म्हणतात, तिला चालेल असं दुसरं काही बघू, पण घाई नाही, तोवर हात चालवा. धोंडुबाईंच्या गोठ्यातही त्यांनी रीतसर फवारणी करून घेतली आणि ते वाळेपर्यंत मांजर आमच्या खोलीत कोंडली होती. तिनं माझा स्वेटर फाडला. काकवी सगळीकडं हात लावू देते, फक्त डाव्या कानामागं नाही. तिथं तू खाजवायचीस.

माधव

उचगाव, १६ नोव्हेंबर

भैरवी,

तुझं पाकीट परवा आलं. पत्र असेल म्हणून दोन वेळा आत बोट घालून बघितलं. एकच कागद होता, चार रकाने आखलेला. तारीख, वेळ, किती मिनिटं, जवळ कोण होतं. मी लिहून कळवले होते तेच रकाने, त्याच क्रमानं.

आधी वाटलं, काकवीच्या जुन्या तारखा पाठवल्यास. मग साल बघितलं. २०२० पासून सुरू होतं. अकरा ओळी आहेत. काकवीच्या नाहीत त्या.

दुसरी ओळ टाळेबंदीतल्या एप्रिलची आहे. तेव्हा आम्ही सगळे इथं घरात बसून पत्ते खेळत होतो. सहावी ओळ आई गेली त्या आठवड्यातली. तू आलीस, काकवीजवळ बसलीस, माझ्याशी न बोलता तिसऱ्या दिवशी परत गेलीस, आणि मी चारचौघांत म्हणालो होतो की बघा, सख्ख्या आईसाठीही थांबली नाही. त्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख आहे. शेवटची यंदाच्या फेब्रुवारीतली. त्यानंतर नाही. ते वाचून मी कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ पायरीवर जाऊन बसलो.

तारखा सगळ्या भरल्यास. वेळ कुठं ‘सकाळी’, कुठं ‘अंदाजे चार’. मिनिटांचा रकाना मात्र रिकामा आहे. जवळ कोण होतं, तोही रिकामा. एका ओळीत तेवढं भरलंय, तीन वर्षांपूर्वीच्या. मिनिटांखाली ‘चार’, आणि पुढं ‘बसमधल्या एक बाई’.

बाकीच्या दहा वेळा मिनिटं कुणी मोजणार. स्वतःची फिट स्वतःला मोजता येत नाही. जाग आल्यावर जमीन दिसली असेल, जीभ चावलेली लागली असेल, त्यावरून तू तारीख लिहिलीस.

बावीस वर्षं मी हेच काम केलं. रकाना रिकामा दिसला की लाल शाईनं गोल करायचा आणि फॉर्म परत पाठवायचा. पोरं गयावया करायची, सर, माहिती नाही हो, मी म्हणायचो, माहिती करून आणा. काल रात्री नव्हे, काल भरदुपारी, ऑफिसात, टेबलावर तुझा कागद ठेवून मी बसलो होतो. समोर एक मुलगी फॉर्म घेऊन उभी होती, तिच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना कोरा होता. मी काही न विचारता सही करून दिला. ती गेल्यावर लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते तिनं बघितलंय.

तुझा कागद मी परत पाठवणार नाही. काकवीच्या कागदाशेजारी फ्रीजवर लावलाय, दर्शनी. काल संध्याकाळी धोंडुबाई दूध द्यायला आल्या, त्यांनी विचारलं, ह्यो दुसरा कुणाचा? सांगितलं, भैरवीचा. तिला फिट येते. सतराव्या वर्षापासून. त्या म्हणाल्या, “आम्हास्नी ठावं हुतं की वो. तुमास्नीच ठावं न्हवतं.”

आता एकच विचारतो आणि पत्र संपवतो. मी नाशिकला येऊ का? राहायला नाही म्हणत. गावात कुठंही उतरेन, सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. काकवीला घेऊन येता येईल, डॉ. प्रीतींना विचारलंय, गोळ्यांची वेळ चुकली नाही तर प्रवास चालेल म्हणतात. तू ये म्हणालीस तरच निघेन. नको म्हणालीस तर दर महिन्याला हा चार रकान्यांचा कागद कोरा पाठवत जाईन, तू भरून पाठव, नाही पाठवलास तरी मी पाठवत राहीन.

खाली ‘तुझा दादा’ लिहावं असं फार वाटतंय. ते तुझ्याकडून आल्याशिवाय लिहिणार नाही.

मला आता मिनिटं मोजता येतात, भैरवी.

माधव